मापाचा सदरा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बार्शीच्या पेठेत माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, एक फळी, भिंतीला टांगलेल्या दोन कात्र्या. गिऱ्हाईक कापड घेऊन यायचं आणि पिशवीतून एक जुना सदराही काढायचं. "मास्तर, ह्या मापाचा शिवा." अब्बा तो जुना सदरा फळीवर पसरायचे, त्यावरून खडूच्या खुणा करायचे आणि नवं कापड बेतायचे. जुना सदरा कोणी शिवलाय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माप जुन्याचं घ्यायचे, पण कॉलर, बाही, टाका सगळं त्यांचं असायचं. आठ दिवसांनी दोन्ही सदरे एकाच पिशवीतून घरी जायचे.

आज मला लिहिण्याविषयी बोलायचं आहे. सुरुवात शिंप्याच्या दुकानातून केली, कारण 'बेतणं' हा शब्द शिंप्याचा. तरी आपण सहज म्हणतो, अमुक नाटक तमुक कथेवर बेतलं आहे. दुसऱ्याच्या मापावर आपलं कापड कापायची ही रीत जगभर आहे, आणि इंग्रजीत तिच्या एका प्रकाराला 'फॅन फिक्शन' म्हणतात. एखाद्या कादंबरीच्या किंवा मालिकेच्या चाहत्यांनी त्यातलीच पात्रं घेऊन लिहिलेल्या नव्या गोष्टी. मूळ लेखकाने कथा संपवली, पण वाचकाच्या मनात ती संपली नाही. मग वाचकच लेखणी उचलतो.

मी स्वतः हा उद्योग केला आहे. सहावीत होतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने आम्हा पोरांना वेड लावलं होतं. ग्रंथालयातली पुस्तकं वाचून संपली आणि पुढचं पुस्तक काही येईना. तेव्हा गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी बन्या फेणेला थेट बार्शीला आणलं आणि आमच्या छोट्या लायनीच्या गाडीमागे सायकल पिटाळायला लावून चोर पकडून दिला. वही संपली तेव्हा गोष्टही संपली होती. आज विचार करतो तर वाटतं, मोठेपणी मी सुरू केलेल्या कितीतरी गोष्टी अर्ध्यात राहिल्या, ती मात्र पूर्ण झाली होती. ते कसं काय? या प्रश्नाचं उत्तर मला पन्नाशी उलटल्यावर मिळालं, आणि ते माझ्या मुलीने दिलं. ते पुढे सांगतो.

आधी या चाहत्यांविषयी थोडं. १८९३ च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयलने 'स्ट्रँड' मासिकातल्या कथेत शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून दिलं. वाचक खवळले. डॉयलला पुढे होम्सला परत आणावं लागलं, पण मधल्या काळात आणि नंतरही इतरांनी होम्सच्या गोष्टी लिहिल्याच. 'पीटर पॅन'चा लेखक जे. एम. बॅरी हा डॉयलचा मित्र. दोघांनी मिळून लिहिलेली एक संगीतिका १८९३ मध्ये साफ पडली. तेव्हा बॅरीने आपल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर होम्सची एक गमतीदार गोष्ट लिहिली आणि ते पुस्तक डॉयलला पाठवून दिलं. डॉयल रागावला नाही. त्याने आपल्या आत्मचरित्रात ती गोष्ट जशीच्या तशी छापली.

पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका आली. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं हौशी मासिक काढलं. घरच्या घरी छापायचं आणि टपालाने पाठवायचं. अशी कितीतरी मासिकं मग निघाली. लिहिणाऱ्या, छापणाऱ्या, पाकिटं चिकटवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. आता हे सगळं संगणकावर गेलं आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचा एक संग्रह २००९ मध्ये खुला झाला. तो स्वयंसेवक चालवतात, देणग्यांवर चालतो, जाहिरात नाही, नफा नाही. आज त्यात एक कोटीहून अधिक रचना आहेत. २०१९ मध्ये त्या संग्रहाला विज्ञानकथा आणि अद्‍भुतकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे चाळे. तसं नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातल्या 'निरोष्ठ रामायणा'त तर ओठाला ओठ लावून म्हणायचं एकही अक्षर नाही. रामाची गोष्ट काही मोरोपंतांची नव्हती. कर्णाची गोष्ट व्यासांनी सांगून झाली होती, तरी शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' लिहिली. योगायोग पाहा, तीही १९६७ चीच. आणि मी ज्या गझलेच्या वाटेने कवितेत आलो, तिथे तर तरही मुशायरा असतो. एक मिसरा, म्हणजे एक ओळ, आधीच दिली जाते. तिचं वृत्त, काफिया, रदीफ सांभाळून प्रत्येक शायराने आपली गझल लिहायची. या ठरलेल्या साच्याला उर्दूत 'जमीन' म्हणतात. जमीन दुसऱ्याची, पीक आपलं. एकाच रात्री एकाच जमिनीत वीस-वीस गझला ऐकायच्या आणि कोणाची मुळं खोल गेली ते ओळखायचं, ही त्यातली गंमत.

एक फरक मात्र आहे. व्यासांची पात्रं सगळ्यांची; हयात लेखकाची पात्रं त्याची. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं स्वामित्व हक्क राहतो. म्हणून चाहत्यांच्या जगात एक रीत पडली आहे. मूळ लेखकाचं नाव घ्यायचं, लिहिलेलं फुकट वाटायचं, विकायचं नाही. मापाचा सदरा मापापुरता घ्यायचा आणि परत करायचा.

हे सगळं आज मी शहाण्यासारखं सांगतो आहे. पण २०१२ साली माझी मुलगी नववीत असताना हे शहाणपण माझ्यापाशी नव्हतं. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं तिने वाचली होती. त्या जादूच्या शाळेत पार्वती आणि पद्मा पाटील नावाच्या जुळ्या बहिणी आहेत. मूळ पुस्तकात त्यांना फारसं काम नाही. माझ्या मुलीने त्यांना उन्हाळ्याच्या सुटीत बार्शीला आजोळी आणलं होतं. नळाला चार दिवसांआड पाणी, आणि सतरा वर्षं पूर्ण होईपर्यंत शाळेबाहेर जादू करायला बंदी. त्यामुळे या दोघी जादूगारणी घागर घेऊन रांगेत उभ्या. तिने मोठ्या उत्साहाने मला वही दाखवली. मी दोन पानं चाळली आणि म्हणालो, "उसन्या माणसांवर काय लिहितेस? स्वतःचं काहीतरी लिही."

ती काही बोलली नाही. वही घेऊन आत गेली. त्यानंतर तिने मला काहीही दाखवलं नाही. तिचं ते लिहिणं बंद पडलं असं मी धरून चाललो.

२०१५ मध्ये अब्बा गेले. दुकान मिटलं. त्यांच्याविषयी एक छोटं पुस्तक लिहायचं मी ठरवलं. पेठेतल्या एका शिंप्याचं, त्याच्याकडे येणाऱ्या माणसांचं. कविता मला येते, पण गद्य हे मोठं कापड. कुठून कात्री लावावी ते कळेना. पहिलं पान लिहायचो, सकाळी वाचायचो, फाडायचो. असं एक वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली. अम्मा अधूनमधून आमच्या दखनीत विचारायची, "लिख्या क्या रे?" मी म्हणायचो, चाललंय. अम्माने ऐंशी ओलांडली होती. तिच्या आठवणी जुन्या धोतरासारख्या विरत चालल्या होत्या आणि ते मला दिसत होतं. दुकानाची खडान्‌खडा माहिती असलेलं ते शेवटचं माणूस.

२०२३ च्या नोव्हेंबरात मुलगी दिवाळीच्या सुटीला पुण्याहून घरी आली. रोज पहाटे ती मोबाइलवर गजर लावायची आणि खाली मान घालून लिहीत बसायची. विचारलं तेव्हा कळलं, की जगभरातली हजारो माणसं नोव्हेंबर महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायला बसतात. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकवीस जणांनी हा खेळ सुरू केला होता. तीस दिवसांत पन्नास हजार, म्हणजे रोज एक हजार सहाशे सदुसष्ट शब्द. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण लागलेली सवय काही संस्थेबरोबर जात नाही.

"एवढं भराभर लिहून ते चांगलं कसं होईल?" मी विचारलं.

"होतच नाही, पप्पा. पहिला खर्डा वाईटच असतो. तो चांगला करायचा नसतो, पूर्ण करायचा असतो."

मग माझी वही मागून घेतली. पानं उलटली आणि म्हणाली, "तुम्ही पहिलंच पान तीस वेळा लिहिलंय. दादांचं दुकान अजून उघडलंच नाही." आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात.

श्रोतेहो, त्या दिवाळीत माझ्या मुलीने मला जे शिकवलं ते आता सांगतो. या युक्त्या तिच्याही नव्हेत. चाहत्यांच्या जगात त्या हातोहात फिरतात, आणि काही तर जुन्याच आहेत.

पहिली युक्ती गजराची. वीस मिनिटं लावायची. तेवढ्यात खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही, हात थांबवायचा नाही. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. तो पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून बसायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. एक कादंबरी हातावेगळी झाली, की लगेच पुढची सुरू करायचा. मला काही अडीचशे जमले नाहीत. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत दीडशे शब्द झाले. पण सात वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. मी दुसऱ्या पानावर गेलो.

दुसरी युक्ती कंसाची. लिहिता लिहिता एखादं नाव, एखादं साल आठवत नाही. आपण उठतो, कागद शोधतो, शेजाऱ्याला फोन लावतो आणि दिवस जातो. तिने सांगितलं, तिथे कंस करा, आत लिहा 'वकिलांचं नाव', आणि पुढे चला. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कचेरीतही अशा जागी एक ठरावीक खूण टाकतात आणि मजकूर नंतर भरतात. माझ्या खर्ड्यात कंसच कंस झाले.

तिसरी, जे दृश्य डोळ्यांसमोर नाचतंय ते आधी लिहायचं. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं, लिहायचं नसतं. मी रमजानच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरुवात केली. तेव्हा दुकानात रात्रभर दिवा असायचा, मशीन चालू असायचं आणि मी बटणं लावता लावता कापडाच्या ढिगावरच झोपायचो.

चौथी युक्ती लहान करायची. चाहत्यांमध्ये 'ड्रॅबल' नावाचा एक प्रकार आहे. बरोबर शंभर शब्दांची गोष्ट, एक कमी नाही, एक जास्त नाही. ज्या दिवशी जीव कंटाळेल त्या दिवशी शंभर शब्दच लिहायचे. अॅन लॅमॉट या अमेरिकन लेखिकेने १९९४ च्या आपल्या पुस्तकात लहानपणीची एक हकिगत सांगितली आहे. तिच्या दहा वर्षांच्या भावाला शाळेत पक्ष्यांवर निबंध लिहायचा होता. तीन महिने वेळ होता आणि तो बसला शेवटच्या रात्री, समोर पुस्तकांचा ढीग, डोळ्यांत पाणी. वडील जवळ बसले आणि त्यांनी त्याला समजावलं, की एकेक पक्षी घे. मीही एकेक गिऱ्हाईक घेतलं.

पाचवी हेमिंग्वेची. पुढे काय लिहायचं ते ठाऊक असतानाच दिवसाचं काम थांबवायचं, म्हणजे उद्या कोऱ्या पानाची भीती नाही. मला हे पटायला वेळ लागला नाही. अब्बाही रात्री सुई रिकामी ठेवत नसत. सकाळचा दोरा ओवूनच उठायचे.

आणि शेवटची युक्ती, वाट पाहणारं माणूस. चाहत्यांच्या गोष्टी हप्त्याहप्त्याने येतात. वाचणारे विचारतात, पुढे काय झालं? प्रसिद्ध करण्याआधी एक जण खर्डा वाचून चुका दाखवतो. मुलगी पुण्याला परत गेली, पण रोज रात्री नऊला फोन करायची. दोघंही एकाच वेळी गजर लावायचो. वीस मिनिटांनी ती विचारायची, "किती झाले?" बेरीज सांगताना मी शाळकरी पोरासारखा खूश व्हायचो.

अशा रीतीने तीन महिन्यांत सुमारे तीस हजार शब्द झाले. वाईट होते. वाक्यं लंगडी, एकच गोष्ट तीन ठिकाणी, आणि सगळीकडे कंस. ती वही घेऊन मी अम्मापुढे बसलो आणि वाचू लागलो. कंस आला की थांबायचो, अम्मा सांगायची. वकिलांचं नाव, मशीन घेतलं ते वर्ष, कोणत्या दुष्काळात दोन महिने एकही सदरा शिवायला आला नाही ते. कुठे कुठे म्हणाली, "झूट है ये, ऐसा नै हुआ." मी खोडलं. बहुतेक कंस तिनेच भरले.

२०२४ च्या पावसाळ्यात अम्मा दुकान विसरली. आता अब्बांचा फोटो दाखवला तर हसते, ओळखत नाही. मी चांगल्या पहिल्या पानाची वाट पाहत आणखी सहा महिने काढले असते, तर ते कंस रिकामेच राहिले असते.

या युक्त्यांना मर्यादा आहेत, तेही सांगायला हवं. गजर लावून मला गझल सुचत नाही. शिवाय उसन्या पात्रांवर लिहिताना वाचकाला माणसाची ओळख करून द्यावी लागत नाही. होम्स म्हटलं की पाइप आलाच. स्वतःचं लिहायला बसल्यावर ती ओळख करून द्यायला नव्याने शिकावं लागतं. आणि पहिल्या खर्ड्यालाच पुस्तक समजून छापखान्यात धावणारेही कमी नाहीत. आता तर यंत्राला सांगितलं की मिनिटभरात खर्डा हजर होतो. माझ्या कंसात त्याने काहीतरी भरलंही असतं. पण ते अम्माने सांगितलेलं नसतं.

अब्बा शेरवानी शिवताना आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालायचे. नवरदेव ती अंगात घालून पाहायचा. कुठे ओढतं, कुठे सैल आहे ते कळायचं. मग पक्की शिलाई व्हायची आणि कच्चे टाके उसवून टाकायचे. कच्चा टाका देखणा नाही म्हणून अब्बा कधी अडून बसले नाहीत. आणि दुसऱ्याच्या अंगणात लिहिणाऱ्या पोरांचं रहस्य मला इथे कळलं. सहावीत मी ती गोष्ट का पूर्ण करू शकलो? कारण फास्टर फेणे आधीच तयार होता, तो मला घडवायचा नव्हता. आपण लेखक आहोत, हे डोक्यात नव्हतं. पुढे काय होतं एवढंच पाहायचं होतं. भीती नव्हती.

आता शेवटचं. खर्डा पूर्ण झाला तरी एक गोष्ट राहिली होती. अब्बा माप घेताना गिऱ्हाइकाला काय काय विचारायचे, ते मला नीट आठवत नव्हतं आणि अम्मा दुकानात कधी बसली नव्हती. मुलीला फोनवर सांगितलं. पुढच्या खेपेला येताना तिने एक वही आणली. नववीतली, तीच.

तिच्या गोष्टीत पाटील बहिणी झगे शिवायला पेठेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे जातात. त्या शिंप्याने कानावर ठेवलेला खडू तो स्वतःच दुकानभर शोधत असतो. जादूबिदूत त्याला काही रस नाही. तो टेप गळ्यात टाकतो आणि पार्वतीला विचारतो, "बेटा, कांडी कुठल्या हातात धरतेस? त्या बाजूची बाही जरा सैल ठेवतो."

आणि मला लख्ख आठवलं. अब्बा प्रत्येकाला विचारायचे, "घड्याळ कुठल्या हाताला घालता?" त्या मनगटाचा कफ ते किंचित सैल ठेवायचे. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि विसरलो होतो. चौदा वर्षांच्या पोरीने ते आजोबा हयात असताना टिपून ठेवलं होतं, ज्या गोष्टीला मी उसनी म्हणालो होतो त्या गोष्टीत.

मी तिला म्हणालो, "बेटा, तेव्हा माझं चुकलं." ती म्हणाली, "असू दे पप्पा. उरलेली गोष्ट आता तरी वाचा." ती वही मी त्या रात्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. घागरीची रांग फार छान उतरली आहे.

तुमच्या घरात कोणी मूल वहीच्या मागच्या पानांवर असं काही लिहीत असेल, तर दोनच पानं चाळून परत देऊ नका. पूर्ण वाचा आणि विचारा, पुढे काय झालं? आणि तुमच्या स्वतःच्या मनात एखादं पान वर्षानुवर्षं अडून बसलं असेल, तर आज रात्री नऊ वाजता वीस मिनिटांचा गजर लावा. आम्ही दोघं त्या वेळी लिहीतच असतो.